घरच्या लॅपटॉपवर लायमन-अल्फा तेजोमेघ: ईएसओच्या मोफत डेटा-भांडाराचं ठाण्यातून परीक्षण

एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास ठाण्यातल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहून मान पूर्ण वर केली की डोक्यावर मघा दिसते. घोडबंदर रोडच्या टॉवरांचा उजेड कितीही असो, हा तारा बुजत नाही. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली तर जेवढं आकाश झाकलं जातं, साधारण तेवढ्याच अंतरावर, मघापासून तीन अंशांहून किंचित पुढे, एसडीएसएस जे1020+1040 या नावाचा क्वासार, म्हणजे महाकाय कृष्णविवरात कोसळणाऱ्या वायूमुळे लखलखणारा दूरच्या दीर्घिकेचा गाभा, आहे. त्याच्याभोवती हायड्रोजनचा एक ढग चमकतो आहे. रुंदी सुमारे 300 किलोपार्सेक, म्हणजे जवळपास दहा लाख प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेची तबकडी लाखभर प्रकाशवर्षांची. तशा दहा तबकड्या ओळीने मांडल्या तर हा ढग भरेल. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 2 अब्ज वर्षं होतं.

येऊरच्या डोंगरात शिरून, हौशी माणसाकडची मोठ्यात मोठी दुर्बीण लावली तरी हा ढग दिसणार नाही. पण त्याचं मूळ मोजमाप युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या, म्हणजे ईएसओच्या, भांडारात सर्वांसाठी खुलं आहे आणि ते नौपाड्यातल्या घरात बसून उतरवता येतं. या सेवेचं नाव ईएसओ सायन्स पोर्टल. नोंदणी मोफत, डेटा मोफत, आणि उघडायला लागणारी क्यूफिट्सव्ह्यू, डीएस9 आणि पायथनची अवजारंही मोफत. हे परीक्षण त्या पूर्ण साखळीचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: प्राचीन विश्वातल्या भारदस्त दीर्घिकांभोवतीचे चमकते वायुमेघ स्वतः काढून पाहणं.

निकाल आधीच सांगतो. डेटाच्या दर्जाला पाचपैकी पाच. शोधण्याच्या सोयीला चार. नवख्या माणसाला हात धरून नेण्याच्या बाबतीत अडीच, कारण मदतीची पानं भरपूर असली तरी ती व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसाठी लिहिलेली आहेत. बीएससी फिजिक्सची मुलं, खगोल मंडळांतले कार्यकर्ते, पायथन येणारे इंजिनियर यांनी एक रविवार राखून ठेवावा. नुसती रंगीत चित्रं हवी असतील त्यांच्यासाठी प्रसिद्धीपत्रकं आहेतच. मात्र त्यातला निळा-गुलाबी रंग नंतर दिलेला असतो, हे लक्षात असू द्यावं.

आधी आपण नेमकं काय शोधतोय ते थोडक्यात. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून पहिल्या पातळीवर उतरला की 1215.67 अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश बाहेर पडतो. हीच लायमन-अल्फा रेषा. आपलं वातावरण हा अतिनील प्रकाश जमिनीवर पोहोचू देत नाही. पण विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी (1 + रेडशिफ्ट) पट ताणली जाते, आणि रेडशिफ्ट 3 च्या आसपास असेल तर ही रेषा 4900-5000 अँगस्ट्रॉमच्या हिरवट-निळ्या पट्ट्यात येते. तिथे ती जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसते. रेडशिफ्टला आपल्याकडच्या पुस्तकांत ताम्रसृती म्हणतात. पोर्टलवर सगळीकडे झेड हे अक्षर दिसेल.

असे दोन महाकाय ढग चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांनी 2000 साली जाहीर केले, कुंभ राशीतल्या एसएसए22 या भागात, रेडशिफ्ट 3.09 वर. पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीला अरुंद पट्ट्याची गाळणी लावून ते टिपले होते. ढग चमकतात कशाने, यावरचा वाद तिथूनच सुरू झाला. क्वासारच्या प्रखर अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे अणू फुटतात आणि पुन्हा जुळताना चमकतात, हे एक उत्तर. दीर्घिकेकडे कोसळणारा वायू तापून मग थंड होताना ती ऊर्जा बाहेर टाकतो, हे दुसरं. ताऱ्यांच्या स्फोटांनी उठलेल्या वाऱ्यांचे धक्के हे तिसरं. आणि चौथं म्हणजे आतल्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश भोवतालच्या वायूवर आपटून, पुन्हा पुन्हा विखुरत बाहेर येतो. जानेवारीतल्या धुक्याच्या पहाटे तलावपाळीला दिव्यांभोवती जी वलयं दिसतात, ती याच जातीची: दिवा एकाच जागी असतो, उजळतं मात्र भोवतालचं धुकं. विखुरलेल्या प्रकाशाला ध्रुवीकरण असतं. एसएसए22 मधल्या पहिल्या ढगात, एलएबी1 मध्ये, ते 2011 साली ईएसओच्या चिलीतल्या व्हीएलटी या दुर्बिणीवर मोजलं गेलं. 2016 मध्ये आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी त्याच ढगाच्या गाभ्यात धुळीत दडलेल्या, झपाट्याने तारे बनवणाऱ्या दोन दीर्घिका दाखवल्या. एलएबी1 पुरतं चौथ्या कारणाचं पारडं त्यामुळे जड झालं. क्वासारांभोवतीच्या ढगांत पहिलं कारण जोरात असतं. एकच उत्तर सगळीकडे लावता येत नाही, आणि म्हणूनच स्वतः आकडे हाताळण्यात अर्थ आहे.

आता मुद्द्याचं. भांडारात शिरताना बहुतेकांची पहिली चूक असते ती लक्ष्य निवडण्यात. नाव गाजलेलं म्हणून स्लग तेजोमेघ, म्हणजे यूएम287 भोवतीचा, शोधायला जातात. 2014 साली हवाईतल्या केक दुर्बिणीने टिपलेला तो ढग रेडशिफ्ट 2.28 वर आहे. गुणाकार करा: 1215.67 गुणिले 3.28, म्हणजे 3987 अँगस्ट्रॉम. आणि आपल्याला व्हीएलटीवरच्या ज्या उपकरणाचा डेटा वापरायचा आहे, जे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट घेतं, त्या म्यूजचा नेहमीचा पल्ला सुरूच होतो 4750 पासून. म्हणजे तिथे तो सापडणारच नाही. म्यूजच्या 4750 ते 9350 या पल्ल्यात लायमन-अल्फा बसायला रेडशिफ्ट साधारण 2.9 ते 6.7 हवी. त्यातही सुरुवात 3.0 ते 3.5 मध्येच करावी. याहून दूर गेलं की ढगाची पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्यातून येणारं तेज, (1 + रेडशिफ्ट) च्या चौथ्या घाताने घसरते. रेडशिफ्ट 3 ला 256 पट आणि 5 ला 1296 पट. शिवाय 7000 अँगस्ट्रॉमच्या पुढे आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिलच्या रेषांची गर्दी होते.

दोन खड्डे अजून आहेत. 5577 ला ऑक्सिजनची आकाशरेषा इतकी तीव्र आहे की रेडशिफ्ट 3.59 च्या ढगाचा तिच्यापुढे निभाव लागत नाही. आणि 2017 नंतरचे बरेच क्यूब (म्हणजे तरंगलांबीनुसार एकावर एक रचलेल्या प्रतिमांच्या म्यूजच्या फाइली) लेझर मार्गदर्शक तारा, म्हणजे वातावरणाची थरथर मोजायला लेझरने आकाशात पाडलेला कृत्रिम तारा, वापरून घेतलेले आहेत. सोडियमच्या लेझरची चमक अडवायला त्यांत 5800 ते 5970 हा पट्टा गाळून टाकलेला असतो. तिथे शून्य किंवा रिकामे आकडे दिसले तर फाइल खराब झाली असं समजू नये.

मघाजवळचा आपला क्वासार यासाठी उत्तम. रेडशिफ्ट 3.164, म्हणजे रेषा 5062 अँगस्ट्रॉमला. तिथे आकाश स्वच्छ आहे. 61 क्वासारांच्या एका म्यूज पाहणीत, प्रत्येकावर साधारण 45 मिनिटं देऊन, असे ढग तपासले गेले. त्या संचातला हा सर्वांत लखलखीत आणि पसरट ढगांपैकी एक. त्याआधी 2016 मध्ये 17 तेजस्वी, रेडिओ-शांत (रेडिओलहरी फारशा न सोडणारे) क्वासार म्यूजने पाहिले होते आणि सतराच्या सतरांभोवती ढग सापडले होते. तोवर असे ढग दुर्मीळ मानले जात. म्हणून जे1020 जमला की पुढे भरपूर लक्ष्यं मोकळी आहेत.

पोर्टल उघडल्यावर मध्ये आकाशाचा नकाशा आणि बाजूला गाळण्या दिसतात. स्थानाच्या चौकटीत 10:20:10 +10:40:02 टाका. डेटाच्या प्रकारात क्यूब निवडा, उपकरणात म्यूज. नकाशावर छोटे चौकोन उमटतील. म्यूजचा चौकोन आकाशात एक कला बाय एक कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), पूर्ण चंद्राच्या व्यासाचा तिसावा हिस्सा. एकाच जागेचे अनेक क्यूब असू शकतात: काही एका निरीक्षण-खंडाचे, तर काही म्यूज-डीप नावाच्या संग्रहातले, ज्यात अनेक खंड एकत्र केलेले असतात. रांगेत दोन रकाने आवर्जून बघा. एक्स्पोजरचा एकूण वेळ जितका जास्त तितकं बरं. आणि प्रतिमेची तीक्ष्णता, जी विकलांत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) दिलेली असते. ती 1 विकलेच्या आत असेल तो क्यूब घ्या. क्वासारचा झगमगाट नंतर वजा करायचा असतो, आणि तो जितका पसरट तितकं ते काम बिघडतं.

फाइलच्या आकाराची कल्पना असू द्या. क्यूबमध्ये साधारण 320 बाय 320 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला 3681 तरंगलांब्यांचे थर. हे झाले 37.7 कोटी आकडे. प्रत्येक आकडा 4 बाइटचा, आणि डेटाइतकाच मोठा त्रुटींचा दुसरा क्यूब सोबत. एकूण सुमारे 3 जीबी. 100 एमबीपीएसच्या घरगुती जोडणीवर कागदोपत्री चार मिनिटांचं काम. प्रत्यक्षात वीस मिनिटं ते अर्धा तास धरून चाला. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद आणि ब्राउझरमधलं उतरवणं सुरुवातीपासून. म्हणून अर्ध्यातून पुढे चालू करू शकणारं अवजार वापरावं, लिनक्सवरचं डब्ल्यूगेट किंवा कुठलाही डाउनलोड मॅनेजर. राउटरला छोटा यूपीएस असेल तर काळजीच नको. मोबाइल डेटावर असणाऱ्यांनी ही फाइल घरी आणूच नये. गुगल कोलॅबमध्ये दुवा देऊन ती तिथेच उतरवावी, तिथेच कापावी आणि कापलेला तुकडा तेवढा खाली घ्यावा.

पेनड्राइव्हने मित्राला देणार असाल तर एक गोष्ट तपासा. जुन्या पेनड्राइव्हची मांडणी फॅट32 असते आणि तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. साधा क्यूब जातो, पण एकापेक्षा जास्त चौकोन जोडलेला मोठा क्यूब कॉपी होताना अडतो आणि संदेश येतो फाइल फार मोठी असल्याचा, मग पेनड्राइव्ह 64 जीबीचा का असेना. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की प्रश्न मिटतो.

लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर पूर्ण क्यूब उघडायचा हट्ट धरू नका. आपल्याला 5000 ते 5300 अँगस्ट्रॉम एवढाच पट्टा हवा आहे. एका थराची रुंदी 1.25 अँगस्ट्रॉम, म्हणजे 241 थर. तेवढाच डेटा कापला तर फाइल सुमारे 100 एमबीची होते, आणि ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून गटात टाकता येते. कापायला पायथनमधलं एमपीडॅफ हे पॅकेज घ्या, ते म्यूजसाठीच बनवलेलं आहे. त्यातली तरंगलांबी निवडण्याची आज्ञा कापलेल्या तुकड्याचं हेडरही (फाइलच्या सुरुवातीची माहितीची नोंद) दुरुस्त करते. नुसत्या ॲस्ट्रोपाय या पायथन पॅकेजने आकड्यांचा तुकडा काढला आणि जुनं हेडर तसंच चिकटवलं, तर फाइलला वाटतं की आपण 4750 पासूनच सुरू होतोय. मग 5062 ची रेषा 4812 ला दिसते, रेडशिफ्ट 2.96 निघते आणि संध्याकाळ शोधाशोधीत जाते.

रेषा हेडर बरोबर असूनही दीड अँगस्ट्रॉमने अलीकडे दिसेल. यात चूक नाही. म्यूजच्या क्यूबमधल्या तरंगलांब्या हवेतल्या असतात, आणि 1215.67 हा आकडा निर्वातातला आहे. 5000 च्या आसपास फरक 1.4 अँगस्ट्रॉमचा, म्हणजे एका थराहून थोडा जास्त, वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे 84 किलोमीटर. तेव्हा आपली रेषा क्यूबमध्ये 5060.6 जवळ शोधायची. सुरुवात 4750 असेल तर मूळ क्यूबमधला साधारण अडीचशेवा थर.

आता क्यूफिट्सव्ह्यू उघडा. हे अवजार या कामासाठी आम्हांला डीएस9 पेक्षा सरस वाटतं, कारण माऊस फिरेल तिथला वर्णपट खालच्या पट्टीत लगेच उमटतो. क्वासारवर माऊस नेला की 5060 जवळ रुंद, उंच डोंगर दिसतो. मग हळूहळू बाहेर सरका, दोन विकला, चार विकला, म्हणजे दहा ठिपके, वीस ठिपके. डोंगर ओसरतो, पण त्याच जागी एक अरुंद कंगोरा उरतो. हाच तो ढग. क्वासारची स्वतःची रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर रुंद असते, ढगाची काही शेकडा. त्यामुळे डोळ्यांनाही दोघांतला भेद कळतो. ज्याने हे एकदा स्वतः पाहिलं त्याला पुढची किचकट वजाबाकी का करायची ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

याच अवजारात लाइनमॅप नावाची सोय आहे. मध्य 5060, रुंदी 30 अँगस्ट्रॉम द्या, म्हणजे 5045 ते 5075. आजूबाजूच्या पट्ट्यांतलं सरासरी तेज ते आपोआप वजा करतं. साध्या दीर्घिका आणि तारे यात बऱ्यापैकी निघून जातात. क्वासार मात्र जात नाही, कारण त्याची स्वतःची लायमन-अल्फा त्याच पट्ट्यात आहे. मध्यभागी एक पांढरा गोळा उरतो आणि ढग त्याच्या तेजात बुडतो. बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, काही दिसलं नाही. खरं काम इथून पुढे आहे.

क्वासार हा बिंदू आहे. त्याचा पसरलेला गोळा म्हणजे वातावरण आणि दुर्बिणीने बिंदूचं केलेलं चित्र. ढग नसलेल्या जवळच्या तरंगलांबीत तोच गोळा मोजून घ्यायचा आणि योग्य प्रमाणात वजा करायचा. 5100 ते 5290 मधल्या साधारण 150 थरांची बेरीज करून एक प्रतिमा बनवा. 5045 ते 5075 ची दुसरी. दोन्हींतून रिकाम्या आकाशाचा मध्यक वजा करून तळ शून्यावर आणा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं प्रमाण चुकतं. मग दोन्ही प्रतिमांत क्वासारच्या मध्यावरचे 5 बाय 5 ठिपके, म्हणजे एक विकला बाय एक विकला, घेऊन त्यांच्या बेरजांचं गुणोत्तर काढा. त्या गुणोत्तराने पहिली प्रतिमा गुणून दुसरीतून वजा करा. हे व्यावसायिक पद्धतीचं सोपं रूप झालं. ते लोक प्रत्येक थरासाठी स्वतंत्र गुणोत्तर काढतात.

काय बिघडतं ते सांगतो. लाल टोकाची प्रतिमा गोळा म्हणून वापरली तर क्वासारभोवती चकचकीत कडं दिसतं, आणि ते ढगासारखं भासतं. लाल प्रकाशात तारे जास्त तीक्ष्ण येतात, निळ्यात पसरतात, म्हणून हे होतं. गोळा नेहमी शेजारच्या पट्ट्यातूनच घ्यावा. दुसरं, वजाबाकी पूर्ण चित्रभर केली तर इतर दीर्घिकांच्या जागी काळे खड्डे पडतात. गुणोत्तर क्वासारच्या रेषेवरून ठरलेलं असतं, त्या बिचाऱ्यांना ते लागू नाही. म्हणून वजाबाकी तीक्ष्णतेच्या साधारण पाचपट त्रिज्येपुरती ठेवा, बाहेर साधा लाइनमॅप चालेल. तिसरं, मधली एक विकला तुम्हीच शून्य केलेली आहे. तिथे ढग नाही असा निष्कर्ष काढू नका, आणि तिथला आकडा कुठल्याही बेरजेत घेऊ नका.

उरलेली प्रतिमा थोडी मऊ करा, गॉसियन, दोन ते तीन ठिपक्यांची. यापेक्षा जास्त मऊ केली तर गोंगाटाचेही ढग बनू लागतात. डीएस9 मध्ये झेडस्केल (उजेड-अंधाराच्या मर्यादा आपोआप ठरवणारी सोय) लावा आणि मग वरची मर्यादा हाताने खाली आणा.

एककांपाशी अनेक प्रकल्प घसरतात, म्हणून एक उदाहरण सोडवूनच देतो. म्यूजचा प्रत्येक आकडा 10 चा उणे 20 वा घात अर्ग, दर सेकंद, दर चौरस सेंटिमीटर, दर अँगस्ट्रॉम, दर ठिपका असा असतो. ढगाच्या एका ठिपक्यावर 24 थरांत सरासरी 1 हा आकडा मिळाला असं धरा. 24 गुणिले 1.25, म्हणजे 30. ठिपका 0.2 बाय 0.2 विकलेचा, तेव्हा एका चौरस विकलेत 25 ठिपके. 30 गुणिले 25 म्हणजे 750. उत्तर: 7.5 गुणिले 10 चा उणे 18 वा घात, दर चौरस विकला. क्वासारांभोवतीच्या ढगांचं तेज याच पट्टीत खेळतं. तुमचं उत्तर पंचवीस-तीसपट खाली आलं तर बहुधा 25 चा गुणाकार, आणि कदाचित 1.25 ही, राहून गेलंय.

सोबत आलेल्या त्रुटींच्या क्यूबवर डोळे झाकून विसंबू नका. क्यूब बनवताना ठिपके नव्या जाळीवर वाटले जातात, शेजारच्या ठिपक्यांचा गोंगाट एकमेकांत मिसळतो आणि लिहिलेली त्रुटी खऱ्यापेक्षा कमी भरते. चित्रातल्या रिकाम्या जागांवर शंभरएक चौकोन ठेवून त्यांच्यातला चढउतार स्वतः मोजा. तोच आकडा लिहा. कडेचे आठ-दहा ठिपके सरळ टाकून द्या. झॅप नावाचं आकाश-सफाईचं अवजारही मिळतं, पण ज्या चित्राचा बराच भाग ढगाने व्यापलेला आहे तिथे ते ढगालाच आकाश समजून खरवडू शकतं. जे1020 च्या पट्ट्यात त्याची गरजही नाही.

आणखी एक सापळा. ढगाच्या आसपास 5060 ला चमकणारा सुटा ठिपका दिसला की तो शेजारची प्राचीन दीर्घिका असेल असं वाटतं. असूही शकते. पण रेडशिफ्ट 0.358 च्या जवळच्या दीर्घिकेतल्या ऑक्सिजनची 3727 ची जोडरेषाही नेमकी इथेच येते. मूळ मोठ्या क्यूबमध्ये त्याच ठिपक्यावर 6600 आणि 6800 जवळ पाहा. तिथे हायड्रोजन-बीटा आणि ऑक्सिजनच्या रेषा सापडल्या तर दीर्घिका अलीकडची, आणि ती यादीतून काढायची. हीलियमची 1640 ची रेषा ढगात शोधायची असेल तर ती 6830 जवळ पडेल. पण तिथे आकाशाच्या हायड्रॉक्सिलच्या रेषा बसलेल्या आहेत, आणि 45 मिनिटांच्या क्यूबमधून तिथे ठाम बोलणं अवघड.

पोर्टलकडून अपेक्षा दोन. पहिली, पट्टा आधी कापून मग उतरवायची सोय मुख्य पानावरच ठळक हवी. 100 एमबीसाठी 3 जीबी वाहून आणणं आपल्याकडच्या कॉलेजांच्या जोडण्यांना झेपत नाही. दुसरी, एखादा तरी सोडवलेला धडा नवख्यांसाठी, याच प्रकारच्या ढगावर. मराठीत असा धडा आपणच लिहायला हवा. ते काम युरोपातल्या वेधशाळेचं नाही. डेटा वापरून पोस्टर किंवा लेख केला की ईएसओला आणि निरीक्षण-कार्यक्रमाच्या क्रमांकाला श्रेय देणं बंधनकारक आहे. क्रमांक हेडरमध्येच असतो, तो पहिल्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा.

स्लग किंवा रेडशिफ्ट 2.04 वरचा जॅकपॉट असे अलीकडचे ढगच हवे असतील तर केकच्या भांडाराकडे जावं लागेल, केसीडब्ल्यूआय या निळ्याकडच्या उपकरणाच्या डेटासाठी. ते पुढच्या टप्प्याचं काम आहे.

जे1020 हातात असताना एक गोष्ट जरूर करून पाहा, तिला जास्तीचा डेटा लागत नाही. 5045-5060 आणि 5060-5075 अशा दोन अर्ध्या पट्ट्यांच्या दोन प्रतिमा काढा, वजाबाकी प्रत्येकीत वेगळी करा, गुणोत्तरही वेगळं काढा. दोन्ही डीएस9 मध्ये भरून ब्लिंक लावा, अर्ध्या सेकंदाला एक. ढगाची एक बाजू पहिल्या प्रतिमेत उजळते, दुसरी बाजू दुसऱ्या प्रतिमेत. वायू एकीकडे आपल्याकडे येतो आहे, दुसरीकडे लांब जातो आहे, आणि 2018 मध्ये याच ढगाच्या अभ्यासात त्याचा अर्थ चक्राकार फिरत दीर्घिकेकडे ओढला जाणारा वायू असा लावला गेला. सीमा कुठे धरायची हे ठरवताना 5060 ऐवजी 5058 आणि 5063 घेऊनही पाहा. दोन्ही वेळा उजळणारी बाजू तीच राहिली तर दिसतंय ते ढगाचंच. बाजू बदलली तर आधी क्वासारचं केंद्र दोन्ही प्रतिमांत एकाच ठिपक्यावर आहे का ते तपासा.